जखमेनंतर जिवाचा धोका कसा मोजतात?



उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हातापायाला जखमा व्हायच्याच. विळा लागतो, बांबूची फाट घुसते, कधी अस्वल अंगावर येतं. जखम चिघळली की आपण म्हणतो, ‘सेप्टिक झालं’. डॉक्टर ज्याला सेप्सिस म्हणतात तो प्रकार याहून मोठा. जंतूंशी लढता लढता शरीराचा तोल जातो आणि फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू बिघडू लागतात. म्हणून जखम पायाला असली तरी जीव धोक्यात येतो.

असा रुग्ण आयसीयूत गेला की बाहेर बसलेल्या बाईचा एकच प्रश्न असतो, ‘वाचतील का हो?’ डॉक्टर म्हणतात, ‘धोका जास्त आहे.’ हे ते कशावरून सांगतात?

त्यासाठी ‘सोफा’ नावाची गुण देण्याची पद्धत आहे. श्वास, रक्त गोठवणाऱ्या पेशी, यकृत, रक्तदाब, शुद्ध आणि मूत्रपिंडं या सहांना प्रत्येकी ० ते ४ गुण. शाळेच्या उलट, इथे गुण जास्त तर धोका जास्त. संसर्ग असताना हे गुण २ किंवा त्याहून जास्तने वाढले तर सेप्सिस समजावा, असं २०१६ साली जगातल्या तज्ज्ञांनी ठरवलं. इस्पितळातल्या अशा रुग्णांपैकी साधारण १०० मागे १० दगावतात. गुण वाढत गेले तर हा आकडाही वाढतो. रुग्णाचं वय आणि आधीचे आजारही डॉक्टर धरतात.

मार लागलेल्या माणसात हा हिशेब अवघड होतो. रक्त गेल्यानेही रक्तदाब उतरतो. डोक्याला मार असेल तर शुद्ध त्यानेच हरपते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर न थांबता गुण पुन्हा पुन्हा मोजतात. आकडा उतरतोय की चढतोय, यावरून जास्त कळतं.

समजा डॉक्टर म्हणाले, ‘अशा १०० पैकी ४० जण जातात.’ मग ६० जण वाचतातही. आपला माणूस कोणत्या बाजूला, ते आकडा सांगत नाही. म्हणून नुसता आकडा ऐकून रुग्णाला घरी आणू नका. विचारा, ‘कालच्यापेक्षा आज कसं आहे? लघवी किती झाली? जखमेतला पू काढला का?’

खुणा मोजून धोका ओळखणं आपल्या भागाला नवं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळ दूध ओढेना, रडणं क्षीण झालं, अंग ढिलं पडलं, अशा खुणांवरून त्या नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून गावातच उपचार करू लागल्या. त्या गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी असल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

मोठ्या माणसासाठी तीन खुणा लक्षात ठेवा. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त. बोलणं असंबद्ध किंवा माणूस गुंगीत. वरचा रक्तदाब १०० किंवा कमी. दोन जुळल्या तर धोका मोठा. पहिल्या दोन खुणा तर घड्याळ घेऊन घरीच पाहता येतात. पण दुसऱ्या खुणेची वाट पाहत बसू नका. जखमेनंतर यातली एकही दिसली, लघवी कमी झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तरी लगेच दवाखाना गाठा. ‘टी.टी.चं इंजेक्शन घेतलंय’ म्हणून निर्धास्त राहू नका. ते धनुर्वातासाठी असतं, सेप्सिस त्याने थांबत नाही.

सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळला तर तासाभरात प्रतिजैविक द्यावं, असं डॉक्टरांचं शास्त्र सांगतं. आपल्याकडे अंतर मोठं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून वेळेआधी निघणं हाच आपला उपाय. १०८ ला फोन करा. आणि येत्या बैठकीत प्रत्येक गटाने ठरवून टाका: आजारपणासाठी रात्री-अपरात्री पैसे लागले तर पेटीतून किती काढायचे आणि किल्ली कोणाकडे असेल.