ऑफर आली... पण रास्त आहे का?

पहिला वन बीएचके विकून टू बीएचकेकडे निघालायत? मग ‘लास्ट काय ते बोला’ या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी थोडा होमवर्क करा. कारण घासाघीस भाजीवाल्याकडे चालते, पण इथे प्रश्न लाखांचा आहे!

नोकरी लागली, पगार वाढला, लग्न झालं. कर्ज काढून घेतलेला पहिला फ्लॅट आता छोटा पडायला लागलाय. आई-बाबा राहायला आले की एकाला हॉलमध्ये झोपावं लागतं. वर्क फ्रॉम होमचा लॅपटॉप डायनिंग टेबलावरून हलत नाही. मग ठरतं, हा विकायचा आणि मोठा घ्यायचा. साइटवर फोटो टाकले जातात, एजंटला चावी दिली जाते आणि फोन सुरू होतात.

पहिला फोन ६४ लाखांचा. दुसरा म्हणतो ७१, पण थोडं थांबावं लागेल. तिसरा ६८ च्या पुढे सरकत नाही. एजंट सांगतो, ‘मार्केट स्लो आहे, देऊन टाका.’ शेजारचे काका सांगतात, ‘अजिबात देऊ नका, इथे ऐंशीला जातंय.’ ऐकायचं कुणाचं? उत्तर सोपं आहे. आधी कागदाचं ऐका, मग माणसांचं.

काकांचे ऐंशी लाख कुठून आले?

बहुतेक वेळा प्रॉपर्टी साइटवरून. आणि तिथे जो आकडा दिसतो तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. कुणीही आपल्या फ्लॅटचे एक कोटी लिहू शकतं. लिहायला पैसे पडत नाहीत! तो फ्लॅट गेले आठ महिने तिथेच पडून आहे का, हे बघितलं की त्या भावाची किंमत कळते.

खरा भाव सापडतो नोंदणी कार्यालयाच्या रेकॉर्डमध्ये. महाराष्ट्रात प्रत्येक नोंदणीकृत खरेदीखताचा सारांश ‘सूची क्रमांक दोन’, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘इंडेक्स टू’मध्ये असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये जाऊन तुमच्या सोसायटीतले व्यवहार शोधता येतात. त्यात तारीख, क्षेत्रफळ आणि मोबदला, सगळं असतं.

एक गंमत लक्षात ठेवा. या कागदावर ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. नाव बघून आपण ‘बाजारभाव’ उचलतो. पण तो असतो सरकारी रेडी रेकनरप्रमाणे काढलेलं मूल्य. प्रत्यक्ष सौदा कितीला झाला ते ‘मोबदला’मध्ये दिसतं. आपल्याला हवा तो हा आकडा.

आता गणित करूया. समजा, तुमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात तीन फ्लॅट विकले गेले. ६२० चौरस फूट कार्पेट ६८ लाखांना, ६१० चौरस फूट ६६ लाखांना आणि ६४० चौरस फूट ७२ लाखांना. भागाकार केला तर दर निघतो साधारण १०,८२० ते ११,२५० रुपये चौरस फूट. तुमचा फ्लॅट ६२५ चौरस फुटांचा असेल, तर त्याची रेंज झाली सुमारे ६७.६ ते ७०.३ लाख. झालं! आता ६४ ची ऑफर कमी आहे हे तुम्हाला एजंटने सांगायची गरज नाही, आणि ऐंशीचं स्वप्न काकांकडेच राहू द्या.

तुलना करताना दोन पथ्यं पाळा. एक, व्यवहार शक्यतो अलीकडचेच घ्या. १ सप्टेंबर २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात राज्यात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत होती आणि तेव्हा खरेदीची झुंबड उडाली होती. त्या वेळचे भाव आजच्या सौद्याला लावून उपयोग नाही. दोन, कार्पेटची तुलना कार्पेटशीच करा. जुन्या करारात बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप लिहिलेलं असतं. त्यात भिंती, जिना, लिफ्ट सगळं येतं. २०१७ पासून रेरा आला आणि कार्पेटची व्याख्या ठरली. त्यात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. एकाचा कार्पेट आणि दुसऱ्याचा सुपर बिल्टअप शेजारी ठेवून दर काढलात, तर सगळा हिशेबच चुकतो.

रेकनर म्हणजे भाव नव्हे

‘रेकनरपेक्षा जास्तच देतोय की!’ असं खरेदीदार म्हणाला तर हुरळून जाऊ नका. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला दर. एकाच विभागातल्या चकाचक टॉवरला आणि त्यामागच्या गल्लीतल्या बिल्डिंगला तो बऱ्याचदा एकच असतो. तो चौरस मीटरमध्ये असतो हेही विसरू नका. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट.

मग तो बघायचाच कशाला? कारण सौदा रेकनरच्या खूप खाली गेला तर इन्कम टॅक्स मध्ये येतो. सरकारी मूल्य तुमच्या विक्री किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर टॅक्ससाठी सरकारी मूल्यच तुमची विक्री किंमत धरली जाते. म्हणजे न मिळालेल्या पैशावर टॅक्स! आणि खरेदीदारालाही मुद्रांक शुल्क जास्त असेल त्या रकमेवर भरावं लागतं.

समोरच्याच्या खिशात डोकावा

खरेदीदार कमी ऑफर देतो म्हणजे तो आपल्याला मूर्ख समजतो, असं नेहमीच नसतं. बऱ्याचदा तो तुमच्याच वयाचा असतो, तुमच्याइतकाच टेन्शनमध्ये असतो. त्याचं गणित बघा.

७० लाखांचा फ्लॅट पुण्यात घ्यायचा तर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. मुंबईत ते ६ टक्के. खरेदीदार महिला असेल तर एक टक्का सवलत. वर नोंदणी फी ३० हजार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळतं. म्हणजे ५६ लाख. उरलेले १४ लाख आणि शुल्काचे ५ लाख २० हजार, असे १९ लाख २० हजार त्याला स्वतःचे उभे करायचे आहेत. शिवाय एजंट, शिफ्टिंग, रंग. तो ७० वर अडतो तेव्हा बऱ्याचदा खिसा अडवतो, हट्ट नव्हे.

इथेच मोठ्या ऑफरची ग्यानबाची मेख आहे. बँक आपला व्हॅल्युअर पाठवते. करार ७० चा, पण व्हॅल्युअर म्हणाला ६६, तर कर्ज मिळणार ६६ च्या ८० टक्के. म्हणजे ५२ लाख ८० हजार. अचानक ३ लाख २० हजारांचा खड्डा! तो भरायला खरेदीदाराकडे पैसे नसतील, तर तुमची ‘बेस्ट ऑफर’ तिथेच संपली. म्हणून ऑफरचा आकडा विचारल्यावर पुढचा प्रश्न हाच विचारा, ‘लोन सँक्शन झालंय का, आणि कितीचं?’

७१ मोठे की साडेअडुसष्ट?

समजा, ६४ वाला गळाला आणि तिसरा साडेअडुसष्टपर्यंत आला. आता दोन ऑफर हातात आहेत. पहिली ७१ लाखांची, पण त्याला आधी स्वतःचा फ्लॅट विकायचाय, चार महिने लागतील. दुसरी ६८ लाख ५० हजारांची. लोन मंजूर, लगेच करार.

तुमचं ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी बाकी असेल तर महिन्याचं व्याज होतं २१,२५०. मेंटेनन्स ३,००० धरा. थांबण्याचा खर्च झाला महिन्याला २४,२५० रुपये, चार महिन्यांचे ९७ हजार. म्हणजे अडीच लाखांच्या फरकातले दीड लाख अजून उरतातच. नुसता आकडा बघितला तर थांबणं फायद्याचं!

पण... तुम्ही नव्या फ्लॅटला टोकन दिलंय का? दोन महिन्यांत मोठा हप्ता भरायचाय का? तसं असेल तर चित्र पार बदलतं. पहिल्याचा फ्लॅट विकला गेला नाही तर तुमचा सौदा फिसकटेल, आणि तुमचा फिसकटला तर टोकन धोक्यात. दीड लाखासाठी मोठी रक्कम पणाला लावायची का, हा खरा प्रश्न आहे. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी ७१ रास्त. ज्याच्या डोक्यावर तारीख आहे त्याच्यासाठी साडेअडुसष्ट. आकडे तेच, उत्तर वेगळं.

मधला मार्गही आहे. ७१ वाल्याला सांगा, ‘चांगलं टोकन द्या, तारीख लेखी ठरवूया, आणि तुम्ही मागे फिरलात तर किती रक्कम परत मिळणार नाही तेही लिहूया.’ जो खरा आहे तो बोलणी करेल. जो नुसता अंदाज घेतोय तो फोन उचलणं बंद करेल. दोन्हींत तुमचा वेळ वाचतो.

‘थोडे कॅशमध्ये’ चालतील?

हा प्रश्न हमखास येतो, तोही चहा संपताना. उत्तर एकच, नाही. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यावर २०१५ पासून बंदी आहे, आणि जितकी घेतली तितकाच दंड होऊ शकतो. शिवाय व्यवहारी विचार करा. तुम्हाला पुढचं घर बँकेच्या कर्जाने घ्यायचंय. कपाटात ठेवलेली कॅश डाउन पेमेंटमध्ये दाखवणार कशी? कॅशवाली ऑफर कागदावर जेवढी आहे तेवढीच धरा आणि मग तुलना करा.

टॅक्सही आधीच मोजा. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. ते पैसे बुडत नाहीत, तुमच्या टॅक्स खात्यात जमा दिसतात. फ्लॅट घेऊन २४ महिने झाले नसतील तर नफा थेट तुमच्या उत्पन्नात धरला जातो. त्यापुढे दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. नवं घर नियमात बसवून घेतलंत तर सूट मिळू शकते. एकदा सीएशी बोलाच.

आपलं ते बाळ्या...

आता जरा स्वतःकडे बघूया. १९९० मध्ये काहनमन, नेच आणि थेलर या तिघांनी एक प्रसिद्ध प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफी मग फुकट दिले आणि विकायचा भाव विचारला. बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? मगवाल्यांनी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त भाव सांगितला! मग तोच, फक्त तो ‘आपला’ झाला होता. थेलरना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

कॉफीच्या मगचं असं, तर ज्या घरात पहिला गणपती बसवला त्याचं काय? मॉड्युलर किचनला घातलेले तीन लाख तुम्हाला आठवतात, खरेदीदाराला फक्त ट्रॉलीचा रंग आवडत नाही. इंटिरिअरमुळे फ्लॅट लवकर विकला जातो, खर्च पूर्ण वसूल होईलच असं नाही. पार्किंगचंही तसंच. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की उघडं किंवा स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही. त्यामुळे पार्किंगचे वेगळे लाख मागण्याआधी सोसायटीच्या रेकॉर्डला ते कुणाच्या नावावर आहे ते तपासा.

मात्र काही गोष्टींना खरंच भाव आहे. भोगवटा प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स, सोसायटीची थकबाकी नाही, सलग करारांची साखळी. फाइल पूर्ण असेल तर रेंजच्या वरच्या टोकाला बिनधास्त अडून बसा. कागद अपुरे असतील तर खालचं टोकही रास्तच आहे.

ऑफर आली? होय म्हणण्याआधी विचारा

– आकडा माझ्या इंडेक्स टूच्या रेंजमध्ये बसतो का?
– किती लोन, किती स्वतःचे? सँक्शन लेटर दाखवाल?
– करार कधी, पूर्ण पैसे कधी, ताबा कधी?
– ऑफर दुसऱ्या कशावर अवलंबून आहे का?
– सोसायटीची ट्रान्सफर फी कोण भरणार? (कमाल मर्यादा २५ हजार आहे. ‘डोनेशन’ मागितलं तर नियम दाखवा.)
– एजंट, टॅक्स आणि जुनं कर्ज वजा जाता माझ्या हातात किती?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. भाव शेजाऱ्यांना सांगण्यासाठी असतो. नव्या घराचा हप्ता भरायला उपयोगी पडते ती फक्त हातात उरलेली रक्कम. ती आधी लिहून ठेवा, आणि मगच फोन उचला.