दूरचा बाजार आणि गावातले भांडण

धानाचा हंगाम आटोपला की कारध्याकडचे शेतकरी आमच्या बँकेच्या खिडकीशी येतात. भाव पडलेला असेल आणि कर्ज थकले असेल, तर ते माझ्यावर रागावतात. भाव ठरविणारा त्यांना दिसत नाही, मी दिसतो. बाजारातील चढउतार माणसामाणसांत वैर कसे पेटवितात, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे १८७५ चे दख्खनचे दंगे. विद्यार्थ्यांनी ते समजून घ्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस तिथून येत असे, तो अडला. मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. व्यापाऱ्यांनी सावकारांना आणि सावकारांनी कुणब्यांना सढळ हाताने पैसा दिला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्यातच शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन कित्येक गावांत सारा दीडपटीच्या पुढे गेला. पैशाची गरज वाढली नेमकी तेव्हाच सावकाराने हात आखडला.

येथे एक कारकुनी बाब सांगतो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साधा कर्जरोखा तीन वर्षेच ग्राह्य धरला. हेतू ऋणकोच्या हिताचा होता. पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नव्या रोख्यावर अंगठा घेऊ लागले. (तीन वर्षांची मुदत आजही आहे. ती संपण्यापूर्वी आम्हीही कर्जदाराची सही घेतो.)

१२ मे १८७५ रोजी, आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची दुकाने गाठली, वह्या व रोखे मागितले आणि जाळले. पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हे लोण पोचले. रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. मात्र सरकारी चौकशीत असे आढळले की, जिथे ब्राह्मण आणि मारवाडी दोघेही सावकारी करीत, तिथे बहुधा मारवाड्यालाच त्रास झाला. व्याज तर दोघेही घेत होते! राग बाजाराने पेटविला. तो कोणावर काढायचा हे जातीने आणि परकेपणाने ठरविले.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चारच जिल्ह्यांपुरता होता. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात मोडत असे.