दोन गुरू सोडल्यावर सिद्धार्थाला काय आठवलं?

समजा, तुम्ही घरी बुद्धवंदना ऐकत मोठे झालात. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला दरवर्षी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. मग युनिव्हर्सिटीत किंवा नोकरीच्या शहरात कुणीतरी एका गुरूंच्या शिबिराला नेलं. तिथे शांत वाटलं, मित्रही मिळाले. पण पुढे खटकायला लागलं. प्रश्न विचारला की उत्तर यायचं, 'अहंकार अजून गेला नाही.' प्रत्येक कोर्सनंतर आणखी महागडा कोर्स. कधी आडनाव ऐकून बदललेला चेहरा. शेवटी तुम्ही बाहेर पडलात. आता धम्माकडे परत यावंसं वाटतंय, पण संकोचही वाटतोय: घरचे काय म्हणतील? आणि हेही तसंच निघालं तर?

या अवस्थेतून खुद्द सिद्धार्थ गौतम गेला होता. मज्झिम निकायातल्या अरियपरियेसन आणि महासच्चक या सुत्तांमध्ये त्याची हकीकत येते.

घर सोडल्यावर तो आधी आळार कालामाकडे गेला. तिथलं ध्यान त्यानं पूर्ण आत्मसात केलं. आळार म्हणाला, आता आपण दोघं मिळून हा संघ चालवू. पुढे उद्दक रामपुत्ताकडे गेला, तर त्यानं थेट आचार्यपदच देऊ केलं. म्हणजे सिद्धार्थ नापास झाला म्हणून निघाला नाही. पद समोर असताना निघाला, कारण ज्या प्रश्नासाठी तो आला होता तो सुटला नव्हता. मग त्यानं कठोर तपश्चर्या केली, पार हाडांचा सापळा होईपर्यंत. तीही व्यर्थ ठरली.

आणि त्या वळणावर त्याला काय आठवलं, तर लहानपणची एक गोष्ट. वडील शेतीच्या कामात होते आणि तो जांभळाच्या झाडाच्या सावलीत बसला होता. कुणी न शिकवता मन स्थिर झालं होतं. ते सुख निर्मळ होतं, मग त्याला भ्यायचं कशाला, असा विचार त्यानं केला आणि पुन्हा अन्न घेतलं. बरोबरचे पाच जण 'हा बिघडला' म्हणून सोडून गेले. पंथ सोडला की माणसं सुटतात, हे दुःख तेव्हाही होतंच.

आता पुढचा भाग पाहा. ज्ञानप्राप्तीनंतर 'हे पहिल्यांदा कुणाला सांगू?' असा विचार आला, तेव्हा त्याला आठवले आळार आणि उद्दक. दोघंही तोवर वारले होते. ज्यांना सोडलं त्यांच्याबद्दल त्याच्या मनात कडवटपणा नव्हता. त्यामुळे तुम्ही शिबिरात श्वासाकडे लक्ष द्यायला शिकला असाल, तर ते फेकून द्यायची गरज नाही. मात्र कुणी तुमची फसवणूक किंवा छळ केला असेल, तर कडवटपणा नको म्हणून गप्प बसायचं, असा याचा अर्थ नाही.

'हेही तसंच निघालं तर?' ही भीती रास्त आहे. २०१७-१८ मध्ये पाश्चात्त्य देशांतल्या काही नावाजलेल्या बौद्ध गुरूंवरही शिष्यांनीच गंभीर आरोप केले. म्हणून नुसती पाटी बदलून भागत नाही. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धानं सांगितलं ते हेच: परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा 'हे आमचे गुरू' एवढ्यावर काही स्वीकारू नका. यानं लोभ, द्वेष, मोह वाढतो की कमी होतो ते स्वतः बघा, आणि जाणते लोक त्याला काय म्हणतात तेही बघा. हा दुसरा अर्धा भाग आपण सोयीनं विसरतो. 'मला पटेल तेच खरं' असं ते सुत्त म्हणत नाही.

बाबासाहेबांनीही असंच तपासून घेतलं. १९३५ साली येवल्याची घोषणा आणि १९५६ साली नागपूरची दीक्षा, मध्ये २१ वर्षं. आणि धम्म स्वीकारतानाही प्रश्न विचारणं थांबवलं नाही. आजारी, म्हातारा आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही पारंपरिक कथा त्यांना पटली नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेला वाद मांडला.

म्हणजे परत येणं हे चूक कबूल करून जुन्या जागी बसणं नाही. लहानपणी जे पाठ होतं पण समजलं नव्हतं, ते आता अनुभव घेऊन वाचणं आहे. आजीबरोबर म्हटलेलं पंचशील हे कदाचित तुमचं जांभळाचं झाड असेल. त्यातलं एकच शील घ्या, त्याचा मराठी अर्थ लावा आणि महिनाभर वागून बघा. जवळच्या विहारात जाल तेव्हा एक साधा प्रश्न विचारा, अगदी अडचणीचा असला तरी चालेल. त्या प्रश्नाचं तिथे काय होतं, त्यावरून पुढच्या वेळी जायचं की नाही ते ठरवा.