केसापेक्षा बारीक तारेचा सांधा

एलईडी बल्ब तापला की विझतो आणि गार झाला की पुन्हा लागतो, हा प्रकार होस्टेलमध्ये सगळ्यांनी पाहिलाय. आपण म्हणतो, "होल्डर लूज आहे." कधी तसं असतंही. पण कधी सुटलेला असतो तो एलईडीच्या आतला, साध्या डोळ्यांना न दिसणारा एक सांधा.

एका पारदर्शक एलईडीचा गोल माथा मी पॉलिश पेपरवर घासून सपाट केला आणि मेटॅलर्जी लॅबच्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. चिपवरून निघालेली तार स्वच्छ दिसली. अशा तारा साधारण २५ मायक्रॉन जाडीच्या असतात. आपला केस त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. गंमत म्हणजे ही तार सोल्डर करत नाहीत आणि वितळवतही नाहीत!

कल्हईवाला आधी भांडं घासून घेतो ना, तसंच इथेही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा असतो. मशीनचं टूल तार पॅडवर दाबतं आणि सेकंदाला ६०,००० किंवा त्याहून जास्त वेळा आडवं थरथरतं. पापुद्रा फुटून बाजूला सरतो, धातूला धातू भिडतो आणि जोड बसतो. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा.

सांधा उचकटून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर ठसा बहुधा कडेने जोडलेला आणि मध्ये कोरा दिसतो. म्हणजे वरून छान दिसणारी तार खाली अर्धवटच चिकटलेली असू शकते. म्हणून दाब, पॉवर आणि वेळ यांचा मेळ लागतो. कमी पडलं तर तार सुटते. जास्त झालं तर तिची टाच चिरते किंवा खालचं सिलिकॉन फुटतं. तपासायला तार बारीक हुकाने ओढतात. तार तुटली पण सांधा सुटला नाही, तर काम पक्कं!

खाडीपलीकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठी सिलिकॉन स्ट्रिप डिटेक्टर विकसित केले. अशा डिटेक्टरचे सिग्नलही याच जातीच्या तारांवरून बाहेर येतात.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे: खारी हवा. दमटपणाबरोबर क्लोराइड आत शिरलं, की ॲल्युमिनियमचं पॅड कुरतडलं जातं. तेव्हा इथे वापरायचं सर्किट डिझाइन करताना नुसतं सर्किट नको, त्याचं सीलिंगही बघा.