बक्षीस एकाचे, फी सर्वांची

दिवाळीच्या सुट्टीत मी सातारा जिल्ह्यात मामांच्या गावी गेलो होतो. मामांकडे शर्यतीची बैलजोडी आहे. त्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात मोठे मैदान होते आणि पहिल्या क्रमांकाला ट्रॅक्टर होता. मामांनी दोन हजार रुपये प्रवेश फी भरली, बैल न्यायला टेम्पो ठरवला आणि आम्ही पहाटेच निघालो. चिठ्ठीत गट निघाला, झेंडा पडला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळे संपले. मामांची जोडी गटात दुसरी आली. पुढच्या फेरीत फक्त पहिली जाते. संध्याकाळपर्यंत आम्ही दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या आणि रिकाम्या हातांनी परतलो.

त्या रात्री मी मामेभावाच्या मोबाईलवर अमेरिकेतल्या मोटारींची डर्ट ट्रॅक शर्यत पाहत होतो. मामा शेजारी येऊन बसले. उडणारी माती पाहून म्हणाले, "हे बी मातीतच पळत्यात की! बक्षीस किती?" मी सांगितले, "या मैदानावर पहिल्याला दहा लाख डॉलर मिळालेत." मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "आन् त्यास्नी बी फी भरावी लागती का?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. शाळेत परतल्यावर मी या विषयावर वाचले आणि बरीच आकडेमोड केली. हा लेख म्हणजे मामांना दिलेले उत्तर आहे.

प्रथम डर्ट ट्रॅक म्हणजे काय ते सांगतो. हा चिकणमातीचा अंडाकृती मार्ग असतो, बहुधा पाव ते अर्धा मैल लांबीचा. शर्यतीपूर्वी त्यावर पाणी मारून माती दाबून घेतात. वळणावर गाडीची मागची चाके मुद्दाम घसरवत, गाडी तिरकी ठेवून चालवावी लागते. गाड्यांचे अनेक वर्ग आहेत. 'लेट मॉडेल' ही बंद छताची गाडी असते. 'स्प्रिंट कार' ची चाके उघडी असतात आणि बहुतेक शर्यतींत तिच्या डोक्यावर मोठा पंखा बसवलेला असतो. हा पंखा फिरत नाही, वाऱ्याच्या जोराने गाडीला जमिनीवर दाबून धरतो. मोठ्या स्प्रिंट कारचे इंजिन सुमारे 900 अश्वशक्तीचे असते. अशा इंजिनाचा, टायरांचा, इंधनाचा आणि प्रवासाचा खर्च चालक किंवा गाडीचा मालक करतो. त्यांतले बरेच जण आठवडाभर दुसरी नोकरी किंवा धंदा करतात आणि शनिवारी शर्यतीला येतात.

शर्यतीची रचना आपल्या बैलगाडा मैदानासारखीच आहे. आपल्याकडे गट, सेमीफायनल, फायनल असते. तिकडे आधी वेळ नोंदवतात, मग छोट्या 'हीट' शर्यती होतात. त्यांत मागे पडलेल्यांना आणखी एक संधी मिळते आणि शेवटी मुख्य शर्यत होते. मोठ्या शर्यतीला शंभर गाड्या आल्या, तरी मुख्य शर्यतीत पंचवीस-तीसच धावतात. बाकीचे गाडी ट्रेलरवर चढवून घरी जातात.

आता बक्षिसाकडे वळू. ओहायो राज्यात एल्डोरा नावाचा अर्ध्या मैलाचा ट्रॅक आहे. अर्ल बाल्टेस या गृहस्थांनी तो 1954 मध्ये सुरू केला. 1971 मध्ये तेथे 'वर्ल्ड 100' ही लेट मॉडेल गाड्यांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी विजेत्याला 4,000 डॉलर मिळाले. 1994 मध्ये 'ड्रीम' या दुसऱ्या शर्यतीत पहिले बक्षीस 1,00,000 डॉलर झाले. 2001 मध्ये डॉनी मोरान यांनी तेथेच 10 लाख डॉलर जिंकले. 2022 मध्ये तशीच शर्यत पुन्हा झाली आणि जोनाथन डेव्हनपोर्ट यांना 10,02,022 डॉलर मिळाले. शेवटचे चार अंक म्हणजे ते वर्षच.

एवढा पैसा येतो कोठून? प्रेक्षकांच्या तिकिटांतून, जाहिरातदारांकडून, खाण्यापिण्याच्या दुकानांतून आणि अलीकडे इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणातून. गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात त्या जागेला 'पिट' म्हणतात. तेथे जाण्यासाठी चालकाला आणि त्याच्या मेकॅनिकलाही सहसा पास विकत घ्यावा लागतो. साध्या आठवडी शर्यतीत स्पर्धकाचा खर्च बहुधा तेवढ्यावर भागतो. मोठ्या बक्षिसाच्या अनेक शर्यतींत मात्र प्रत्येक गाडीमागे वेगळी प्रवेश फी घेतात. काही ठिकाणी आगाऊ नाव नोंदवणाऱ्याला कमी आणि ऐनवेळी येणाऱ्याला जास्त फी असते.

फीच्या विरोधात बोलणारे म्हणतात की लोक गाड्या पाहायला येतात. गाड्या आल्या नाहीत तर तिकिटे कोण घेणार? नाटकात काम करणाऱ्या नटाकडून आपण तिकिटाचे पैसे घेत नाही. शिवाय स्पर्धकांच्याच पैशातून बक्षीस दिले, तर शर्यत आणि जुगाराचा डाव यांत फरक काय राहिला? लास व्हेगासच्या पोकर स्पर्धेत प्रत्येक खेळाडू 10,000 डॉलर भरतो आणि त्याच पैशातून बक्षिसे दिली जातात. तिथला तो उघड नियम आहे. पण ज्या शर्यतीला प्रेक्षक तिकीट काढून येतात, तिथे निदान मोठा वाटा प्रेक्षकांच्या पैशातून यायला हवा.

मला हे म्हणणे पटते, पण आयोजकाची बाजूही खोटी नाही. किती गाड्या येणार हे आधी कळले, तर जागा, पंच, रुग्णवाहिका, अग्निशमन यांची तयारी करता येते. ज्याने पैसे भरले तो बहुधा येतो, नुसते नाव देणारा कदाचित येणार नाही. धोकाही आयोजकाचाच असतो. जोरदार पाऊस पडला तर मातीवर शर्यत होत नाही आणि कबूल केलेले बक्षीस मात्र मोठे असते. 2020 मध्ये करोनामुळे प्रेक्षक येऊ शकत नव्हते, म्हणून एल्डोराने त्या वर्षीच्या ड्रीम आणि वर्ल्ड 100 पुढे ढकलल्या आणि 2021 मध्ये त्या दोन-दोन वेळा घेतल्या. प्रेक्षक नसतील तर मोठे बक्षीस उभे राहत नाही, हे यावरून दिसते.

चालक केवळ पैशासाठी येतात असेही नाही. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात दर जानेवारीत 'चिली बाऊल' नावाची छोट्या गाड्यांची शर्यत बंदिस्त इमारतीत होते. तेथे 300 हून अधिक गाड्या येतात. अनेक वर्षे विजेत्याला 10,000 डॉलरच मिळत असत, म्हणजे एवढ्या मोठ्या शर्यतीच्या मानाने फारच थोडे. तरी चालक येत, कारण तिथल्या चषकाला मान आहे. असा चालक फी भरतो तेव्हा तो नामांकित मैदानात उतरण्याची संधी विकत घेतो. त्याला कोणी फसवलेले नसते.

मग न्याय कशात आहे? मी वहीत एक उदाहरण मांडले. यातले आकडे कल्पित आहेत, पण हिशेब खरा आहे. समजा, 100 गाड्या आल्या आणि प्रत्येकीने 500 डॉलर फी भरली. जमा झाले 50,000 डॉलर. सर्व बक्षिसे मिळून 2,00,000 डॉलर आहेत आणि त्यांतले पहिले बक्षीस 1,00,000 डॉलरचे आहे. म्हणजे बक्षिसांच्या एक चतुर्थांश रक्कम स्पर्धकांनीच भरली. मुख्य शर्यतीत 24 गाड्या धावल्या आणि त्या सर्वांना काही ना काही मिळाले. उरलेल्या 76 गाड्यांनी 38,000 डॉलर भरले आणि त्या रिकाम्या हातांनी गेल्या.

आता फी तेवढीच ठेवून एकच बदल करू. मुख्य शर्यतीत न पोहोचलेल्या प्रत्येक गाडीला 300 डॉलर परत देऊ. 76 गुणिले 300 म्हणजे 22,800. ही रक्कम पहिल्या बक्षिसातून काढली, तर विजेत्याला 77,200 डॉलर मिळतील. तेही थोडे नाहीत. दूरवरून आलेल्या चालकाला निदान परतीचे इंधन भरता येईल आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल.

मग सगळे आयोजक असे का करत नाहीत? कारण भित्तिपत्रकावर 'एक लाख' हा आकडा जेवढा शोभतो, तेवढा '77,200' शोभत नाही. मोठा आकडा पाहून गर्दी होते आणि नावेही जास्त येतात. म्हणून स्पर्धकाने पहिल्या बक्षिसाचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा आणि शेवटच्या क्रमांकाला काय मिळते ते सर्वांत आधी विचारावे. पहिले बक्षीस एकालाच मिळणार असते, पण फी सगळ्यांनी भरलेली असते.

माझे मत असे की प्रवेश फी घेण्यास हरकत नाही, पण तीन अटींवर. फीचे पैसे कशासाठी वापरणार हे आधी जाहीर करावे. पावसाने शर्यत रद्द झाली तर फी परत द्यावी किंवा पुढच्या तारखेला धरावी. आणि जो ठरल्याप्रमाणे आला, नियमाने धावला पण पुढे जाऊ शकला नाही, त्याला फीचा काही भाग परत मिळावा. या अटी पाळणार नसतील, तर फी न घेता पहिले बक्षीस लहान ठेवलेले बरे.

काही मित्रांना वाटेल की हरणाऱ्याला पैसे कशाला? आमच्या शाळेच्या क्रॉस कंट्रीत पहिल्या मुलाला पदक मिळते, पण गुण मात्र शेवटी येणारा मुलगाही आपल्या हाऊसला मिळवून देतो. वेळेच्या आत अंतर पूर्ण केले की गुण. त्यामुळे कोणी मध्येच थांबत नाही. पहिल्या पाचांनाच गुण दिले असते, तर पन्नासावा मुलगा कशाला धावला असता? आणि पन्नास जण मागे असल्याशिवाय पहिल्या क्रमांकाला तरी काय किंमत?

एका रविवारी घरी फोन करण्याच्या वेळेत मी मामांना हे सगळे सांगितले. म्हणालो, "मामा, फी तिकडेही असते. पण पुढच्या मैदानाला पैसे भरण्याआधी कमिटीला विचारा, गटात हरलेल्याला काय देणार?"

मामा हसले. म्हणाले, "आजवर आम्ही एकच इचारत आलो, पैल्याला काय हाय." मग थोडे थांबून म्हणाले, "इचारतो की. दहा-बारा गाडीवानांनी मिळून इचारलं तर कमिटीला सांगावंच लागंल."