भूक लागली की जेवेल?

‘दोन दिवस लक्षच देऊ नका. भूक लागली की जेवेल आपोआप.’ मुलीचा डबा रोज तसाच परत येतोय, वजन उतरत चाललंय, पाळी थांबलीये आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं हे वाक्य टाकतं. शेजारी मान डोलावतात. कधी कधी डॉक्टरही डोलावतात. ॲनोरेक्सिया या खाण्याच्या विकाराबद्दल आपल्याकडे बरंच चुकीचं बोललं जातं, पण या एका सल्ल्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नसावं. कारण त्यात सरळसरळ वाट पाहायला सांगितलंय, आणि या आजारात नेमकं तेच करायचं नसतं.

न जेवणं हा हट्ट आहे आणि पोट तो मोडेल, असं या सल्ल्यात धरून चाललेलं असतं. साध्या रुसव्यापुरतं ते खरंही आहे. पण आठवडेच्या आठवडे पोटात पुरेसं गेलं नाही की माणसाच्या मनाचं काय होतं, याचा पुरावा ऐंशी वर्षांपूर्वीच हाती आलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसं सावरायचं, हा प्रश्न होता. त्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. शस्त्र हाती घ्यायला तत्त्वापोटी नकार दिलेले हे स्वयंसेवक तन-मनाने धडधाकट असल्याची आधी तपासणी झाली होती. १९४५ साली त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलं, हृदयाचे ठोके मंदावले. ते चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले. एकेक जेवण तासनतास चघळत बसू लागले, ताटं चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं.

आता आपल्या घरातली मुलगी आठवा. स्वतः घास घेत नाही, पण दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघते, घरच्यांसाठी केक करते, अर्धी पोळी तासभर कुस्करत बसते. ‘नाटकं!’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. उपाशी मेंदू असाच वागतो हो. म्हणजे वाट पाहिल्याने हट्ट मोडत नाही, उपासमारीने आजाराची पकड आणखी घट्ट होते.

अर्थात, खाण्याची मुभा मिळाल्यावर मिनेसोटातले तरुण तुटून पडले. ॲनोरेक्सियात ताट समोर आलं की भीती दाटते. ती कुणाच्या वाट्याला यावी, यात आनुवंशिकतेचा मोठा हात आहे. ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये २०१९ साली आलेल्या, जवळपास १७ हजार रुग्णांच्या अभ्यासात जनुकांमधल्या आठ जागा या आजाराशी जोडलेल्या सापडल्या. काही धागे मनोविकारांकडे गेले, तर काही शरीराच्या चयापचयाकडे. तेव्हा ‘चोचले’ हा शब्द कृपा करून मागे घ्या. मृत्यूचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या मनोविकारांत ॲनोरेक्सिया मोडतो. हे मृत्यू नुसते उपासमारीने होत नाहीत. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबात दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येचा होता.

‘पण तिला बारीक व्हायचंय असं ती कधी म्हणालीच नाही,’ हा पुढचा आक्षेप. म्हणेलच असं नाही. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ साली ७० रुग्णांची पाहणी मांडली. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना लठ्ठपणाची भीती नव्हतीच. पोट फुगतं, भूक नाही, असं ते सांगत. खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी १९९५ साली भारतातल्या पाच तरुणींबद्दल लिहिलं, तेव्हाही चित्र पाश्चात्त्य पुस्तकांशी तंतोतंत जुळत नव्हतं. मग अशी मुलगी पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहते आणि रिपोर्ट नॉर्मल येत राहतात. आपल्याकडे भर पडते उपवासांची. मंगळवार, गुरुवार, चतुर्थी असे दिवस अचानक वाढू लागले आणि उपवास सोडायची वेळ टळू लागली, तर कौतुक करण्याआधी जरा बघावं.

उपचारात अन्न हेच पहिलं औषध आहे, पण ते ‘आपोआप’ पोटात जात नाही. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आलेल्या कुटुंबाधारित पद्धतीत जेवणाची सूत्रं काही काळ आई-वडिलांच्या हाती दिली जातात. काय आणि किती वाढायचं ते पालक ठरवतात, शेजारी बसतात, आरडाओरडा न करता ताट संपेपर्यंत थांबतात. वजन सावरलं की सूत्रं हळूहळू मुलीकडे परत जातात. आई-वडिलांमुळेच हे झालं, असं ही पद्धत मानत नाही. चक्कर, मंद नाडी, झपाट्याने उतरलेलं वजन असेल तर मात्र आधी रुग्णालय गाठायचं. फार खंगलेल्या माणसाला घरच्या घरी एकदम भरपेट जेवू घातलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय धोक्यात येतं. टॉनिकच्या बाटल्या आणि भूक वाढवणाऱ्या गोळ्यांनी ताटाची भीती जात नाही.

बाकीचे गैरसमज भराभर. ‘अंगाने बरी दिसते, म्हणजे काही नाही.’ बुलिमियात, म्हणजे भसाभसा खाऊन ते उलटीने वगैरे बाहेर काढण्याच्या आजारात, वजन बहुधा नॉर्मलच असतं. जेवणानंतर लगेच बाथरूम, दातांची झीज, सुजलेले गाल, बोटांच्या पेरांवरचे घट्टे पाहा. वारंवार उलट्या होत असतील तर पोटॅशियम तपासून घ्या, ते घसरलं तर हृदयाची लय बिघडते. यावर बोलण्याचे उपचार आहेत, फ्लुओक्सेटिनसारखं औषधही आहे. ‘हे इन्स्टाग्रामचं खूळ.’ रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ सालीच असे रुग्ण नोंदवलेत. ‘मुलींचाच आजार.’ मॉर्टनच्या दोन रुग्णांपैकी एक सोळा वर्षांचा मुलगा होता. ‘भसाभसा खाणं म्हणजे खादाडपणा.’ ताबा सुटून, पोट दुखेपर्यंत, लपून आणि वारंवार खाणं हा बिंज ईटिंगचा आजार आहे, आणि अशा माणसाला कडक डाएट लावून दिलं की बहुधा तो बळावतो. ‘एकदा झालं की सुटत नाही.’ सुटतं, वेळ लागतो, आणि लवकर सुरुवात केली तर शक्यता वाढते.

कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं. आई-वडिलांनी केला तरी चालतो. मुलगी तयार होण्याची वाट पाहायची गरज नाही.