जुनी आवृत्ती, नवे शुद्धिपत्र

पेडणे आणि डिचोलीतल्या शिक्षकमित्रांशी संगणकाविषयी बोलताना एक तक्रार हमखास कानी येते: अपडेट केले की देवनागरी टंकलेखन बिघडते, म्हणून आम्ही ते बंदच ठेवले आहे. भीती अगदीच निराधार नाही. पण डेबियन या लिनक्स वितरणात (सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही त्यावरच बेतलेली आहे) दुरुस्तीची रीत निराळी आहे.

पुस्तकाचा दाखला घेऊ. नवी आवृत्ती निघते तेव्हा प्रकरणे वाढतात, पृष्ठक्रमांक सरकतात, आणि जुन्या प्रतीवरून शिकवणाऱ्याची पंचाईत होते. शुद्धिपत्र मात्र चुकलेली ओळ तेवढी सुधारते. डेबियनची 'स्टेबल' आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. त्यानंतर तिच्यात बहुतेक शुद्धिपत्रेच येतात. म्हणून मला 'अद्ययावत करणे' हा प्रतिशब्द इथे खटकतो. काही नवे होत नाही, जुनेच नीट होते. 'दुरुस्ती' हा आपला रोजचा शब्द पुरेसा आहे.

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या आज्ञावलीतला 'हार्टब्लीड' हा दोष जाहीर झाला. सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर, त्यात कधी पासवर्डही, परक्याला वाचता येत होता. मूळ कर्त्यांनी १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियनने ती घेतली नाही. आपल्याकडच्या १.०.१ई मध्ये तो दोष तेवढा दुरुस्त केला आणि क्रमांकाला 'डेब७यू५' अशी शेपटी जोडली: डेबियन ७, पाचवी दुरुस्ती. तेव्हा आकडा जुना दिसला म्हणून घाबरू नये, शेपटी वाचावी.

सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या भांडारातून तातडीने येतात. साध्या चुकांच्या दुरुस्त्या साठवून साधारण दर दोन महिन्यांनी एकत्र दिल्या जातात. भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते. ती जुळली नाही तर संगणक माल स्वीकारत नाही. अपवाद ब्राउझरचा. फायरफॉक्सला जुन्या अंगावर ठिगळ लावणे आवाक्याबाहेरचे असल्याने त्याची नवी आवृत्तीच घ्यावी लागते.

घाई न करण्याचा फायदा मार्च २०२४ मध्ये दिसला. 'एक्सझेड' या आज्ञावलीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचे उघड झाले. डेबियनच्या चाचणीतल्या शाखांत त्या पोचल्या होत्या, 'स्टेबल'मध्ये नव्हत्या. चाचणीतल्यांना मागे न्यायचे, तर संगणक लहान आकडा आपणहून घेत नाही. म्हणून नाव दिले '५.६.१+रिअली५.४.५'. वर लेबल नव्याचे, आत माल जुना. आणि 'रिअली' म्हणून तसे उघड सांगितलेलेही!

खरा धोका मुदत संपण्यात आहे. एका आवृत्तीला सुमारे तीन वर्षे सुरक्षा-चमू सांभाळतो, पुढची दोन वर्षे दीर्घ मुदतीचा चमू. २०१९ च्या डेबियन १० ची ही मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर यंत्र नेहमीसारखे चालते आणि दुरुस्ती काहीच नाही असे सांगते. ते ऐकून आपण निर्धास्त होतो. शाळेतली यंत्रे तर दहा-दहा वर्षे वापरात असतात.

टंकलेखन बिघडण्याची शक्यता असते ती आवृत्ती बदलताना. तेवढे काम मे महिन्याच्या सुट्टीत, पाऊस आणि विजेचा लपंडाव सुरू होण्याआधी, फायलींची प्रत काढून करावे. रोजच्या दुरुस्त्या मात्र चालूच ठेवाव्यात, आणि मुदतीची तारीख कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवावी.